मागचे डावे चाक

जुन्या गाडीची बहुतेक कामे एकट्याने करता येतात. प्लग काढून त्यांच्या टोकांवरची काजळी घासता येते, बॅटरीवर साचलेला हिरवट-पांढरा क्षार गरम पाण्याने धुता येतो, कार्ब्युरेटरच्या केसाएवढ्या भोकात फुंकर मारता येते. ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा मात्र एकट्या माणसाला काढता येत नाही. त्यासाठी दोघे लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचे आणि दुसऱ्याने चाकाशी आडवे होऊन मागची बारीकशी तोटी पान्याने उघडायची. दाबाबरोबर तेल आणि हवा बाहेर येतात. पेडल सुटण्याआधी तोटी आवळली पाहिजे, नाहीतर गेलेली हवा पुन्हा आत ओढली जाते. दोघांना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत, मध्ये गाडीचे अख्खे धड असते. म्हणून बोलावे लागते.

माझ्या संसारातले बरेचसे बोलणे असे गाडीखालून झाले.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

"सोड."

नवरा सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. मुळातच कमी बोलणारा. समोर असताना मी त्याला 'अहो' म्हणे. आठवताना मात्र तो 'तो' होतो, कदाचित लांबच्या माणसाला हाक मारायची नसते म्हणून. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्याने एका निवृत्त अधिकाऱ्याची जुनी, दुधी रंगाची मोटार घेतली. रविवारी सकाळी ती अंगणातल्या कडुनिंबाखाली उघडी पडलेली असे. तो तिच्याखाली, मी आत, आणि ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाई. मी तेव्हा नुकतीच कवितेचा अभ्यास संपवून दिंडोरी रस्त्यावरच्या एका महाविद्यालयात शिकवू लागले होते. छंद, यती, आवर्तने यांनी डोके भरलेले असे. गाडीखालून येणाऱ्या त्या तीन शब्दांना एक ठाय लय होती. 'धर' म्हणताना तो मधला अ किंचित लांबवी, जसा कोणी पाणी भरलेली कळशी हळूच खाली ठेवतो. मला तो शब्द ऐकायला आवडे. इतक्या मऊपणे तो मला दुसरे काही म्हणत नसे.

कारखाना बंद पडला तेव्हा सातपूरचे पुष्कळ लोक इकडेतिकडे पांगले. तो मस्कतला गेला. दोन वर्षांचा करार होता, तो वाढला, मग आणखी वाढला. आई आणि गाडी त्याने माझ्यापाशी ठेवली. सुरुवातीला दर शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, फोन येई. मग शुक्रवार गळू लागले. तो आधी आईशी बोले, "जेवलास का" आणि "तिकडं ऊन लय असंल" एवढे होईपर्यंत मी दारात उभी राही. मग रिसीव्हर माझ्या हाती येई. काही क्षण समुद्रासारखा खरखराट. मग तो विचारी, "गाडी सुरू करतेस ना?"

मी सांगे. फॅनबेल्ट सैल झाला होता, ताणला. सकाळी चोक ओढल्याशिवाय उठत नाही. दुसऱ्या प्लगवर तेल येते आहे. तो खुलत असे. दोन देशांच्या मधल्या तारेवर आम्ही ठिणगी पाडणाऱ्या पॉइंट्समधल्या फटीबद्दल बोलत असू. ती फट मी जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाने मोजते, हे ऐकून तो एकदा हसला होता. पुढे कधीतरी माझ्या लक्षात आले की आमच्यात एवढाच विषय उरला आहे. तो मी जपू लागले. गाडीत बिघाड नसला की मी शोधत असे.

त्याच्या निळ्या कापडी गुंडाळीतली हत्यारे हळूहळू माझ्या हाताच्या मापाची झाली. वर्गात फळ्यावर लिहिताना नखांतले ग्रीस खडूच्या पांढऱ्यावर उठून दिसे. अंगाला पेट्रोलचा वास येई. साबणाने तो जात नाही, फक्त गोडसर होतो. संध्याकाळी बॉनेट मिटून मी तशीच हात टेकून उभी राही. गरम पत्र्याखाली इंजिन निवताना टिकटिक करते, कुठे लवकर, कुठे सावकाश. घरात दुसरा आवाज नसे. सासूबाई दिवेलागणीला देवघरात असत आणि मी कडुनिंबाखाली. एका माणसाने सोडलेल्या आम्ही दोन बायका एका छताखाली अतिशय सभ्यपणे राहत होतो. "भाजी काय करू?" "तुला आवडंल ती." याच्या पुढे आमचे बोलणे फारसे सरकत नसे. त्याचे नाव दोघींपैकी कोणी घेत नसे, कारण घेतले की पुढचा प्रश्न आपोआप येई.

त्या वर्षी दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी मी महाविद्यालयातून परतत होते. द्राक्षबागांतून नुकत्याच छाटलेल्या काड्यांचा हिरवा, कडवट वास येत होता. म्हसरूळच्या अलीकडच्या उतारावर समोरचा ट्रॅक्टर थांबला म्हणून मी पेडलवर पाय ठेवला आणि ते थेट तळाला गेले. पायरी आहे असे समजून अंधारात पाऊल टाकावे आणि ती नसावी, तसे. हँडब्रेक ओढला, गिअर खाली आणला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. ट्रॉलीवर बसलेल्या बाया हसत होत्या. "बाई, आमच्यात बसायचं व्हतं तर हात करायचा!" एक म्हणाली. मीही हसले. उरलेला रस्ता पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकच्या भरवशावर आले.

मागचे डावे चाक काढले तर ड्रम आतून ओलाचिंब. चाकाच्या सिलिंडरमधल्या रबरी वाट्या फाटून तेल गळत होते. बिघाड मोठा नव्हता. पण त्या शुक्रवारी फोन आला, आणि नेहमीच्या उत्साहाने मी हे सगळे सांगितले, तेव्हा तो खुलला नाही.

"विकून टाक," तो म्हणाला.

"का? वाट्या बदलल्या की झालं."

"वाट्या बदलशील. हवा कोण काढणार? एकटीला नाही जमायचं ते. दिंडोरीकडचा एक ओळखीचा बागायतदार आहे, कधीपासून मागतोय. दसरा झाला की रविवारी पाठवतो त्याला."

"तुम्ही आल्यावर काय चालवाल?"

खरखराट. "बघू," तो म्हणाला. "मीटर पडतोय इकडे. ठेवतो."

मी रिसीव्हर जागेवर ठेवला. गाडी गेली तर पुढच्या शुक्रवारी तो मला काय विचारील, याचा मी विचार करू लागले. जेवलीस का, हे तो आईला विचारी.

गॅरेजमधून कोणाला बोलावणे सोपे होते. शेजारचे निवृत्त मास्तर तर आनंदाने पेडलवर बसले असते. पण जो कोणी आला असता त्याने पाय दाबता दाबता विचारलेच असते, "मग, साहेब कधी येणार?" या प्रश्नाचे माझे उत्तर वर्षागणिक लहान होत चालले होते आणि आता त्यात एक शब्दही उरला नव्हता. शिवाय 'एकटीला नाही जमायचं' हे वाक्य कानात बसले होते. ते खरे होते, म्हणूनच बसले होते.

रबरी वाट्या आणल्या. सिलिंडर ब्रेकच्याच तेलाने धुतला. पेट्रोलने रबर फुगते, हे त्याने शिकवले होते. नव्या वाट्या बोटाने आत सरकवताना त्यांचा ओलसर, नाजूक प्रतिकार जाणवत होता. मधे दसरा आला. सासूबाईंनी चालत नसलेल्या गाडीचीही साग्रसंगीत पूजा केली. बॉनेटवर स्वस्तिक, पुढच्या जाळीला झेंडूची माळ, दारे उघडून आतही बराच वेळ काहीतरी चालले होते. गाडीत बसताना त्या नेहमीच आधी उंबऱ्यासारखा दाराचा पत्रा हाताने शिवून तो हात कपाळाला लावीत. एसटीत चढतानाही त्यांचे हेच. कंडक्टर ओरडे, "आजी, देवळात नाही चाललात, आत व्हा!" त्या हात लावूनच आत होत.

रविवार जवळ आला. शनिवारी दुपारी मी ओट्याशी जाऊन म्हणाले, "आई, एक काम होतं. गाडीत बसून जरा पेडल दाबाल का? मधलं. मी सांगेन तेव्हा दाबायचं, धरायचं, सांगेन तेव्हा सोडायचं."

त्यांनी सूप बाजूला ठेवले. "त्याच्यानं गाडी राहील का घरी?"

फोनवरचे त्यांनी ऐकले होते, हे मला तेव्हा कळले.

"ब्रेक झाले तर मी विकणार नाही," मी म्हणाले.

त्या उठल्या, पदर खोचला आणि गाडीकडे चालू लागल्या.

पेडलपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची असते. मी मागच्या डाव्या बाजूला जमिनीवर गोणपाट टाकून आडवी झाले. तोटीला पारदर्शक नळी जोडली, तिचे दुसरे टोक थोडे तेल घातलेल्या बाटलीत बुडवले. मातीचा, कडुनिंबाच्या पाल्याचा आणि ब्रेकच्या तेलाचा वास एकमेकांत मिसळला होता. या जागेवरून मी गाडी कधी पाहिली नव्हती. ही त्याची जागा होती.

"आई, दाबा."

"दाबलं."

"धरा."

"धरलंय गं."

तोटी उघडली. नळीतून तेल सरकले, आणि बुडबुडे. आवळली. "सोडा." पुन्हा. आणि पुन्हा. तेल येत होते, पण ओशाळल्यासारखे, थेंबाथेंबाने. आणि बुडबुडे संपतच नव्हते. मधूनच बाटलीतले तेल नळीतून उलटे वर चढे, म्हणजे मी आवळायच्या आत पेडल सुटत होते.

"आई, मी सांगेपर्यंत सोडू नका."

"न्हाई सोडत."

"जोर लावा थोडा."

"लावू राह्यले ना!" आवाज धापा टाकत, आणि कुठूनतरी खालून आल्यासारखा.

मी वाट्या उलट्या बसवल्या की काय, या शंकेने सिलिंडर पुन्हा उघडला. ठीक होता. नळीचे सांधे चाचपले, कोरडे होते. पुन्हा सुरुवात केली. ऊन ओट्यावरून उतरून गाडीच्या टपावर आले, तरी तेच. मी उठून आत हात घालून पेडल दाबले तर ते ओल्या स्पंजासारखे दबले. दूर सातपूरचा भोंगा झाला. दुसरी पाळी सुरू झाली असावी. त्याचे बरोबर आहे, असे मला पहिल्यांदा वाटले. एकटीला नाही जमायचे.

"शेवटचं एकदा," मी म्हणाले आणि खाली गेले. पण या वेळी, का कोणास ठाऊक, "दाबा" म्हटल्यावर मी तोटीकडे न बघता गाडीखालून पलीकडे पाहिले. उघड्या दाराशी जमिनीवर दोन गुडघे टेकलेले होते. लुगड्याचा काठ धुळीत.

मी उठून वळसा घालून गेले. सासूबाई सीटवर बसल्याच नव्हत्या. अंगणात गुडघे टेकून, कमरेपर्यंत गाडीत वाकून त्या दोन्ही तळहातांनी पेडल दाबून धरत होत्या. मान इतकी खाली होती की माळेतले मणी गाडीतल्या चटईला लागत होते.

"आई! हातानं?"

त्यांनी मान वर केली. कपाळावरचा बुक्का घामाने ओघळला होता. "मग कशानं?"

"पायानं दाबायचं असतं ते."

"तू म्हनलीस दाबा. पायानं दाबा म्हनलीस का?"

"अहो, पण सीटवर बसून…"

"दसऱ्याला हळदकुंकू वाह्यलं मी तिला. पाय कसा लावू? लक्ष्मी हाय ती."

मी वाकून पाहिले. तिन्ही पेडलांच्या रबरावर हळदकुंकवाची बोटे उमटलेली होती. दसऱ्यापासून गाडी हललीच नव्हती म्हणून ती टिकली होती. फक्त मधल्या पेडलावरचे पुसून गेले होते. ते त्यांच्या तळहातांवर आले होते. त्या रबराची उजवी कड त्याच्या पायाने झिजून गुळगुळीत झाली होती, आणि त्या कडेचा ठसा त्यांच्या तळहातावर लाल-काळा उठला होता.

"मी लावतेच की पाय," मी म्हणाले. "रोज."

"तू चालवतीस. चालवनाऱ्याचं निराळं असतं." मग जरा थांबून, "माझं निराळं."

मी त्यांना हात देऊन उठवले. उठताना त्यांनी सगळा भार माझ्यावर टाकला; इतक्या वर्षांत इतका स्पर्श आमच्यात झाला नव्हता. त्या ओट्याच्या पायरीवर बसल्या आणि तळहात पदराला न पुसता तसेच मांडीवर उताणे ठेवून बसल्या. पुढचे त्यांनाच सुचले.

"मला तिकडचं दे," त्या चाकाकडे बोट दाखवून म्हणाल्या. "काय करतीस तू तिथं?"

"पान्यानं तोटी जराशी उघडायची. हवा सुटली की लगेच आवळायची."

"म्हंजी स्टोव्हची चावी." त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू इतका वेळ मी त्यांच्यापासून काहीतरी क्षुल्लक लपवून ठेवले होते. "तीस वर्सं तेच केलं की मी. सांग ना मग."

त्यांनी चाकाशी पाट नेला. मी आत जाऊन बसले, चपला काढून. माझी जुनी जागा. मधल्या पेडलवर पाय ठेवला. रबर त्यांच्या हातांनी ऊबदार झाले होते.

"दाबलं, आई."

मागून, गाडीच्या धडापलीकडून, आवाज आला.

"धर."

तो मधला अ तसाच लांबला. कळशी हळूच टेकवल्यासारखा. त्याने तो यांच्याकडूनच घेतला होता, हे मला कधी कळलेच नव्हते. कळायला तो शब्द त्यांनी मला म्हणायला हवा होता. मी पेडल धरून बसले. समोरच्या काचेत कडुनिंबाची पाने हलत होती आणि थोड्या वेळाने ती दिसेनाशी झाली.

"अगं, धरलंय ना?"

"धरलंय."

पायाखाली पेडल सावकाश उतरले. "साबुदान्यावानी बुडबुडे येऊ राह्यले," मागून वर्तमान आले. "आवळलं. सोड." मग, "आता बारीक हायेत. मोहरीवानी." मग बराच वेळ काही नाही, नुसते "धर" आणि "सोड". आणि मग, "संपले. निव्वळ तेल."

चारही चाके झाली तेव्हा पेडल पायाखाली जमिनीसारखे उभे राहिले. मी गाडी फाटकाबाहेर काढली. सासूबाई पत्र्याला हात लावून बसल्या, नेहमीप्रमाणे मागे. माझ्या शेजारची जागा त्यांनी मोकळी ठेवली; मीही पुढे बोलावले नाही. वसाहतीला वळसा घालताना प्रत्येक कोपऱ्यावर मी गरज नसताना ब्रेक दाबला. गाडी दर वेळी थांबली. आरशात त्या खिडकीबाहेर बघत होत्या, आणि हात अजून उताणेच होते.

रविवारी बागायतदार आला. बोटे बागेवर फवारायच्या मोरचुदाने निळसर झालेली. त्याने टायरला लाथ मारली, आत बसून पेडल दाबले.

"ब्रेक तर झकास हायेत! साहेब म्हनले व्हते गेलेत म्हनून."

"केले," मी म्हणाले. "पण गाडी द्यायची नाही. तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा."

"घ्या! आन् ठेवून करनार काय वहिनी? घरात बाप्या मानूस न्हाई. कोंबड्या बसवनार का हिच्यात?"

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "का रे, तुझ्या बागेतल्या काड्या कोन उचलतं? बाप्ये?"

तो मनापासून हसला, चहा घेतला आणि गेला.

पुढच्या शुक्रवारी फोन आला. या वेळी मी दारात उभी न राहता स्वतः उचलला.

"दिली नाहीस म्हणे."

"ब्रेक झाले. घट्ट आहेत."

खरखराट. त्यामागे कोणीतरी परक्या भाषेत हाक मारत होते. मग त्याने जे विचारले ते जगात दुसऱ्या कोणीही विचारले नसते. "पेडल कोणी दाबलं?"

"मी."

त्याचे मन एकेका शक्यतेवरून फिरते आहे, हे मला इथे ऐकू येत होते. "मग खाली?"

"आई होत्या."

तारेवर श्वासासारखे काहीतरी झाले. हसला असेल, नसेलही. मी वाट पाहिली. आता तो विचारील असे वाटत होते, काय, ते मला माहीत नव्हते.

"मागचं डावं आधी घेतलं ना?" तो म्हणाला.

"हो."

"बरं." आणि थोड्या वेळाने, "बरं केलंस."

फोन ठेवून वळले तर सासूबाई दारात होत्या, मी नेहमी उभी राहते त्या जागी.

"काय म्हनला?"

"मागचं डावं चाक आधी घेतलं का, विचारलं."

"आनखी?"

"आणखी नाही."

त्या थोडा वेळ फोनकडे पाहत राहिल्या. मग आत गेल्या. मी अंगणात आले, बॉनेट उघडले आणि तेलाची पातळी पाहिली. ती बरोबर होती, तरी मी झाकण पुन्हा उघडून पुन्हा पाहिली. जाळीवरची झेंडूची माळ सुकून तपकिरी झाली होती. ती काढावी की राहू द्यावी, हे विचारायला मी घराकडे वळले, आणि माझ्या लक्षात आले की विचारायला आता घरात कोणीतरी आहे.